तैमीरचे उंदीर आणि ठाण्याची खाडी

ऑक्टोबरात सकाळी ठाण्याच्या खाडीवर ऐरोलीच्या बाजूने उभं राहिलं की ऊन पाठीवर येतं आणि समोरचा ओला चिखल लख्ख दिसतो. फ्लेमिंगोंची गर्दी अजून सुरू व्हायची असते, त्यामुळे माणसांचीही नसते. अशा वेळी मी एक काम करते, ज्याला आमच्या घरी 'दुसऱ्यांची पोरं मोजणं' म्हणतात.

चिखलात साळुंकीहून लहान, लांब पायांचे, खाली वळलेल्या काळ्या चोचीचे पक्षी चरत असतात. दोन पावलं पुढे, चोच चिखलात खुपसली, पुन्हा दोन पावलं. इंग्रजीत कर्ल्यू सँडपायपर. मराठीत याला बाकचोच तुतारी म्हणतात. वजन पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे एका कोंबडीच्या अंड्याएवढं. स्कोपमधून, म्हणजे तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून, नीट पाहिलं तर यांच्यात दोन तऱ्हा दिसतात. काही सरसकट राखाडी, एखाद्याच्या पोटावर उन्हाळ्यातला विटकरी रंग ठिगळासारखा उरलेला. हे मोठे. काहींच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट किनार असते, माशाच्या खवल्यांसारखी, आणि छातीवर हलकी बदामी झाक. हे यंदाचे. जून-जुलैत अंड्यातून बाहेर पडलेले आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारे.

काही वर्षी खवल्यांची पाठ जिकडेतिकडे दिसते. काही वर्षी सकाळभर शोधूनही एखाददुसरीच. असं का व्हावं, याचं उत्तर इथे नाही. ते इथून सरळ रेषेत सहा हजार किलोमीटरांहून दूर, सायबेरियाच्या उत्तर टोकाला आहे, आणि त्या उत्तरात मुख्य भूमिका एका उंदराची आहे.

आधी ती जागा. रशियाच्या नकाशात वरच्या बाजूला एक मोठा भूभाग आर्क्टिक महासागरात घुसलेला दिसतो, तो तैमीर द्वीपकल्प. आकाराने महाराष्ट्राहून मोठा. झाड नाही; शेवाळ, गवत, वीतभर उंचीची झुडपं आणि त्याखाली कायम गोठलेली जमीन. याला टुंड्रा म्हणतात. बर्फ वितळायला जून उजाडतो आणि ऑगस्ट सरता सरता थंडी परत येते. बाकचोच तुतारीचं माहेर हेच, तैमीर आणि त्याच्या पूर्वेचा सायबेरियन किनारा. हे ठिकाण सापडायलाही वेळ लागला. युरोपच्या किनाऱ्यांवर हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या दिसत होता, पण त्याचं अंडं संग्रहात कुणाकडे नव्हतं. 1897 मध्ये ह्यू पॉफम या इंग्रजाला येनिसेई नदीच्या मुखाजवळ ते मिळालं.

आता कुणीही विचारेल, इतक्या लांब जायचं कशाला? अंडी घालायला कोकण वाईट आहे का? खाणं हे एक कारण आहेच. टुंड्रावर त्या सहा-आठ आठवड्यांत सूर्य मावळत नाही आणि किड्यांचा सुकाळ असतो. पण दुसरं कारण जास्त रंजक आहे, कारण ते कॅनडात प्रयोग करून तपासलं गेलं. संशोधकांनी दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत 3,350 किलोमीटरच्या पट्ट्यात खोटी घरटी मांडली. जमिनीत छोटासा खळगा आणि त्यात लाव्याची अंडी. मग कुठली किती दिवस टिकतात ते पाहिलं. 2010 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की दर एक अंश उत्तरेला गेलं की अंडी चोरीला जाण्याचा धोका 3.6 टक्क्यांनी घटतो. पट्ट्याच्या दक्षिण टोकाच्या मानाने उत्तर टोकाला तो जवळपास दोन तृतीयांशाने कमी होता. म्हणजे पक्षी ही एवढी वाट तुडवतात ती बऱ्याच अंशी चोरांपासून लांब जायला.

पण चोर तिथेही आहेत. कमी आहेत, आणि काही वर्षी फार भुकेले असतात.

लेमिंग हा आखूड शेपटीचा, गुबगुबीत, मुठीत मावेल असा उंदीरवर्गातला प्राणी. तैमीरवर त्याच्या दोन जाती आहेत. हिवाळ्यात तो झोपत नाही. बर्फाचा थर आणि जमीन यांच्यामध्ये जी बोटभर पोकळी राहते, तिच्यात बोगदे करून गवताचे कोंब आणि शेवाळ खात राहतो आणि तिथेच, वर वादळ चालू असताना, पिल्लंही घालतो. मादीला तीनेक आठवड्यांत वेत होते, पिल्लं महिनाभरात स्वतः विणायला तयार. चक्रवाढ व्याज कसं चढतं ते ज्यांनी सावकाराकडे पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. तीन-चार वर्षांतून एकदा बर्फ वितळतो तेव्हा टुंड्रा लेमिंगांनी नुसती वळवळत असते. पुढच्या वर्षी मात्र शोधून सापडत नाही.

(लेमिंग कड्यावरून समुद्रात उड्या घेऊन सामूहिक आत्महत्या करतात, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती खोटी आहे. 1958 च्या एका अमेरिकी निसर्गपटात तो देखावा विकत आणलेल्या लेमिंगांना ढकलून उभा केला होता. बिचाऱ्यांची बदनामी अजून चालू आहे.)

हे चक्र का फिरतं याबद्दल बरीच वर्षं वाद झाले, थोडे अजून आहेत. ग्रीनलंडमध्ये त्याचं एक सुटसुटीत चित्र मिळालं, कारण तिथे उंदराची एकच जात आणि तिला खाणारे चारच: स्टोट नावाचा मुंगसासारखा सडपातळ शिकारी, आर्क्टिक कोल्हा, हिमघुबड आणि लांब शेपटीचा स्कुआ हा समुद्रपक्षी. यातले तिघे लेमिंग वाढले की लगेच त्यांच्याकडे वळतात, घटले की दुसरीकडे बघतात. स्टोट मात्र लेमिंगावरच जगतो आणि त्याची संख्या एक वर्ष उशिराने वाढते. लेमिंग भरपूर तेव्हा स्टोट कमी. स्टोट भरपूर होईपर्यंत लेमिंग उतरणीला लागलेले. ते उतरले की स्टोट उपाशी. या एका वर्षाच्या उशिरामुळे झोका थांबत नाही. 2003 मध्ये गिल्ग, हान्स्की आणि सिट्लर यांनी हे गणितात बसवून दाखवलं. सगळ्या आर्क्टिकला हेच लागू पडतं असं नाही. कुठे गवत खाऊन संपणं हेही कारण धरलं जातं.

आता यात तुतारी कुठे आली? लेमिंग तुतारीला खात नाही, तुतारी लेमिंगाला खात नाही. दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. संबंध जुळतो तो कोल्ह्याच्या पोटातून.

लेमिंगांचं वर्ष असलं की कोल्ह्याला रानभर फिरायची गरज पडत नाही, जेवण पायाशी असतं. त्याला दहा-बारा, कधी त्याहूनही जास्त पिल्लं होतात. हिमघुबड, जे लेमिंग नसलेल्या वर्षी अंडीसुद्धा घालत नाही, ते त्या वर्षी भरभरून घालतं. तुतारीच्या घरट्यातल्या चार अंड्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. जुलै सरतो तेव्हा टुंड्रावर पिल्लंच पिल्लं. मग हिवाळा येतो, लेमिंग कोसळतात, आणि पुढच्या जूनमध्ये चित्र उलटं असतं. कोल्हे गेल्या सालच्या पिलावळीमुळे खूप, आणि खायला लेमिंग नाही. मग तोच कोल्हा नाक जमिनीला लावून एकेक घरटं हुंगत फिरतो. सापडलेली सगळी अंडी तो खातही नाही. काही तोंडात धरून नेतो आणि पुरून ठेवतो, खालची जमीन गोठलेलीच असल्याने ती टिकतात. त्या वर्षी तुतारीची पिढी जवळपास कोरी जाते. तिसऱ्या वर्षी उपासमारीने कोल्हेच कमी झालेले असतात, लेमिंग हळूहळू सावरत असतात, आणि पक्ष्यांचं मधलंच काहीतरी होतं. पुढे परत पहिलं पान.

ही साखळी जुळवली कशी गेली ते मला स्वतः साखळीपेक्षाही आवडतं, कारण ती टुंड्रावर जाऊन सुचलेली नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करणाऱ्या रोझेलार यांनी युरोपातून जाणाऱ्या बाकचोच तुताऱ्यांच्या नोंदी वर्षवार लावल्या. कोवळे पक्षी काही ठरावीक वर्षीच लोंढ्याने येतात आणि ती वर्षं सायबेरियातल्या लेमिंगांच्या वर्षांशी जुळतात, हे त्यांनी 1979 मध्ये एका डच नियतकालिकात मांडलं. काही वर्षांनी रॉन समर्स ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या ब्रेंट हंसांकडे वळले. हे काळसर हंसही तैमीरचेच. त्यांची कुटुंबं हिवाळाभर एकत्र राहतात आणि पिल्लांच्या पंखावर फिकट पट्टे असतात, त्यामुळे मोजायला सोपे. 1986 मध्ये त्यांनाही तोच तीन वर्षांचा ताल दिसला. केपटाऊन विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ लेस अंडरहिल यांनी दक्षिण आफ्रिकेच्या लांगेबान खाडीतल्या बाकचोच तुताऱ्यांमध्ये तो पाहिला. युरोपच्या किनाऱ्यावरचा हंस आणि आफ्रिकेच्या टोकाची तुतारी दोघेही एकाच ठेक्यावर, तर ठेका दोघांच्या समाईक गावाचाच असणार. अभ्यासक याला आता रोझेलार–समर्स गृहीतक म्हणतात.

अर्थात, दोन गोष्टी एकाच तालात वरखाली होतात म्हणून एकीमुळे दुसरी होते असं म्हणता येत नाही. आमच्या इमारतीत पाणी जातं तेव्हाच नेमकी लिफ्टही बंद पडते. त्यामुळे कुणीतरी तैमीरला जाऊन घरट्यांवर नजर ठेवणं भाग होतं. 1990 च्या सुमारास सोव्हिएत पडदा उठला आणि डच, जर्मन, रशियन गट तिथे उन्हाळे काढू लागले. लेमिंग नसलेल्या वर्षी कोल्ह्यांनी घरटी साफ केलेली त्यांनी पाहिली. हंसांची एक युक्तीही पाहिली. लेमिंगांच्या वर्षी ब्रेंट हंस मुद्दाम हिमघुबडाच्या घरट्याजवळ अंडी घालतात. घुबड आपल्या पिल्लांसाठी कोल्ह्याला हाकलतं, त्यात यांचंही फुकटात राखलं जातं. चाळीच्या तोंडाशी पोलिसाचं बिऱ्हाड असावं तसं.

कोल्हा हे सगळंच नाही. हवामान आहे. तैमीरच्या केप स्टेर्लेगोव्ह इथे 1991 मध्ये हान्स शेकरमन आणि सहकाऱ्यांनी तुतारीच्या पिल्लांमागे उन्हाळा काढला. या पक्ष्यात नर दोनेक आठवडेच थांबतो आणि जूनअखेर, जुलैच्या सुरुवातीला दक्षिणेला निघतोसुद्धा. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं मादीवर. पिल्लं अंड्यातून निघाल्यापासून स्वतः किडे टिपतात, पण पहिले काही दिवस त्यांना अंगची ऊब धरता येत नाही. थंडी वाढली की चरायचं सोडून आईच्या पंखाखाली शिरावं लागतं. जितका वेळ पंखाखाली तितका वेळ पोट रिकामं, आणि थंडीत किडेही बाहेर येत नाहीत. दोन्हीकडून मार. दक्षिण आफ्रिकेत पकडलेल्या तुताऱ्यांमधलं कोवळ्यांचं प्रमाण तैमीरच्या जुलैच्या मध्यावरच्या तापमानाशी जुळतं, हे याच अभ्यासात पुढे आलं. त्या आठ-दहा दिवसांत पिल्लं सगळ्यात लहान असतात.

याचं टोकाचं उदाहरण 1992 चं. जून 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्याचा गंधकाचा धूर वातावरणात उंचावर जाऊन पृथ्वीभर पसरला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. 1992 च्या उन्हाळ्यात आर्क्टिकच्या अनेक भागांत पाणपक्ष्यांची वीण फसली. बार्बरा गँटर आणि ह्यू बॉइड यांनी 2000 मध्ये आर्क्टिकभरच्या नोंदी गोळा करून पाहिल्या, तेव्हा दोन्ही कारणं हाती लागली: काही ठिकाणी ज्वालामुखीची थंडी, काही ठिकाणी भुकेले शिकारी. विषुववृत्ताजवळ डोंगर फुटतो आणि ध्रुवाजवळ अंडी वाया जातात.

एक प्रश्न मला बरेच जण विचारतात. हे पक्षी दक्षिणेत चरबी साठवून नेतात, मग तिचीच अंडी करत असतील ना? ऐकायला बरोबर वाटतं, पण तसं नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या अन्नातला कार्बन आणि टुंड्रावरच्या अन्नातला कार्बन यांच्यात जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण वेगळं असतं. पिल्लाच्या अंगावरची पहिली लव अंड्यातल्या मालापासून बनते. ती लव तपासली की आईने ते अंडं कुठल्या जेवणातून केलं ते कळतं. कॅनडा आणि ग्रीनलंडमधल्या दहा जातींवर हे करून पाहिलं आणि 2001 मध्ये 'नेचर'मध्ये उत्तर छापून आलं: अंडी टुंड्राच्याच अन्नाची. सोबत आणलेली शिदोरी वाटखर्चाला आणि पोचल्यावरचे पहिले थंड दिवस काढायला. बाळंतपण तिथल्या किड्यांवर. म्हणून बर्फ कधी वितळतो आणि किडे कधी येतात याला एवढं महत्त्व.

आता ज्या कारणाने हे सगळं लिहायला घेतलं तिकडे येते. तीन वर्षांचा हा झोका तुतारीला नवा नाही. वाईट वर्ष हा तिच्या आयुष्याचा ठरलेला भाग आहे, आपल्याकडे दुष्काळ असतो तसा. ती तरते, कारण मोठा झालेला पक्षी बरीच वर्षं जगतो आणि मधल्या चांगल्या वर्षी तूट भरून काढतो. हिशोबासाठी काल्पनिक आकडे घेऊ. समजा हजार पक्षी आहेत आणि दर वर्षी त्यातले दोनशे मरतात. तीन वर्षांत सहाशेची भरती हवी. चांगल्या वर्षी साडेचारशे पिल्लं मोठी होऊन आली, वाईट वर्षी वीस, मधल्या वर्षी एकशेतीस. बरोबर सहाशे, वही जुळली. आता वाईट वर्ष तसंच ठेवा, आणखी बिघडवू नका. फक्त चांगलं वर्ष काढून टाका आणि त्या जागी दुसरं मधलं वर्ष घाला. एकशेतीस, वीस, एकशेतीस. बेरीज दोनशेऐंशी. तीन वर्षांत हजारामागे तीनशेवीसची तूट, आणि खाडीवर उभ्या माणसाला कुठेही संकट आल्यासारखं दिसणार नाही. पक्षी मेलेले दिसत नाहीत, कुणी मारत नाही. नुसतं चांगलं वर्ष येत नाही.

आणि नेमकं हेच काही ठिकाणी घडलं आहे. दक्षिण नॉर्वेतल्या फिन्से इथे लेमिंगांचे लोंढे ठरल्याप्रमाणे येत होते. 1994 नंतर ते बराच काळ आलेच नाहीत. कारण त्यांच्या त्या बोटभर पोकळीत आहे. हिवाळा कडक असेल तर बर्फाखालची जमीन कोरडी राहते आणि पोकळी टिकते. हिवाळ्यात मध्येच ऊब आली, पाऊस पडला, तर पाणी खाली झिरपतं आणि पुन्हा थंडी पडताच गवतावर बर्फाचं कवच बसतं. घर पण गेलं आणि जेवणही काचेखाली. 2008 मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी हे हवामानाच्या नोंदींशी लावून दाखवलं. ईशान्य ग्रीनलंडमध्येही 2000 नंतर झोका मंदावला. तिथल्या दोन अभ्यासक्षेत्रांत हिमघुबडांची उडती झालेली पिल्लं 98 टक्क्यांनी घटली, असं 2012 च्या शोधनिबंधात आहे. म्हणजे पन्नास पिल्लांच्या जागी एक.

मग कोल्हे पक्ष्यांच्या अंड्यांवर जास्त घसरलेत का? इथे मात्र सावध व्हायला हवं. 2018 मध्ये 'सायन्स'मध्ये एक मोठा अभ्यास आला. सात दशकांतल्या 38 हजारांहून अधिक घरट्यांच्या नोंदी, जगभरचे किनारपक्षी. निष्कर्ष: आर्क्टिकमध्ये घरटी लुटली जाण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट झालं. बातम्या झाल्या, मीही त्या वेळी ते उत्साहाने पुढे पाठवलं. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने हरकत घेतली. जुन्या काळी अभ्यासक घरट्यापर्यंत उशिरा पोचायचे, क्वचित फेरी मारायचे, आणि आधीच लुटली गेलेली घरटी त्यांच्या वहीत येतच नसत. त्यामुळे जुने आकडे मुळातच कमी दिसतात, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या गटाने उत्तर दिलं, वाद चालू राहिला. मला विचाराल तर हरकत वजनदार आहे. मापाची पट्टी बदलली असेल तर कापड वाढलं की पट्टी आखडली हे ठरवणं अवघड. लेमिंगांची चक्रं काही ठिकाणी मोडली हे पक्कं. पण त्यापायी सगळीकडेच अंडी तिप्पट लुटली जातात, हे तेवढं पक्कं नाही.

तैमीरच्या उबदारपणाचा आणखी एक परिणाम पक्ष्यांच्या अंगावर मोजला गेला, तो रेड नॉट या तुतारीच्या थोराड नातेवाइकावर. तैमीरचे नॉट हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर जातात आणि त्यांची पिल्लं वाटेत पोलंडमध्ये गदान्स्कच्या उपसागरावर थांबतात. तिथे ती पकडून मापं घेतली जात होती. यान वान गिल्स आणि सहकाऱ्यांनी ती मापं तैमीरच्या उपग्रहचित्रांशी ताडली. 33 वर्षांत बर्फ वितळण्याची तारीख दर वर्षी सरासरी अर्ध्या दिवसाने, म्हणजे एकूण दोन आठवड्यांहून जास्त, अलीकडे सरकली होती. ज्या वर्षी बर्फ लवकर गेला त्या वर्षीची पिल्लं लहान चणीची आणि आखूड चोचीची. किड्यांचा हंगाम पुढे सरकला, पक्षी मात्र जुन्या वेळेवर आले, पंगत उठल्यावर ताट मांडल्यासारखं.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. मॉरिटानियाच्या चिखलात नॉटचं मुख्य खाणं म्हणजे शिंपले, आणि त्यातले मुबलक शिंपले खोलवर असतात. आखूड चोच तिथवर पोचत नाही. मग ते पक्षी वरवरचे थोडे शिंपले आणि समुद्री गवताची मुळं खाऊन दिवस काढतात, आणि अशांचं पहिलं वर्ष पार पडण्याची शक्यता कमी. पक्षी जन्मला एका खंडात, उपाशी राहिला तिथे, आणि मेला दुसऱ्या खंडात. मॉरिटानियात मेलेला पक्षी पाहून कुणालाही वाटेल, दोष मॉरिटानियाचा.

बाकचोच तुतारी 2024 मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत 'संकटाच्या जवळ' या पायरीवरून 'असुरक्षित' या पायरीवर गेली. त्याच वेळी आणखी पंधरा किनारपक्ष्यांची पायरीही बिघडली. कारणं एकच नाहीत. चीन-कोरियामधल्या पीतसमुद्राच्या काठचे चिखल भराव घालून गेले. दक्षिण कोरियातली सेमांगेउमची भिंतच सुमारे 33 किलोमीटर लांब आहे. वर सांगितलेला उत्तरेचा भाग वेगळा.

आपल्या हातात तैमीरचा बर्फ नाही. पण मघाची वही पुन्हा उघडा. दर वर्षी हजारात दोनशेऐवजी अडीचशे पक्षी मेले तर तीन वर्षांची गरज सहाशेवरून साडेसातशेवर जाते. तेवढी भरती मूळच्या चांगल्या वर्षांसकटही होत नव्हती. हा दुसरा आकडा, मोठे पक्षी किती मरतात तो, बऱ्याच अंशी आपल्यासारख्या ठिकाणी ठरतो, कारण वर्षातले सात-आठ महिने ते इकडेच असतात. कोवळे तर पहिल्या उन्हाळ्यात बरेचदा परत जातही नाहीत; जूनमध्ये पाऊस कोसळत असताना खाडीवर ज्या तुरळक तुताऱ्या दिसतात, त्या बहुधा याच.

ठाण्याची खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आली. चिखल त्यामुळे राखला गेला. पण तुतारीला दोन जागा लागतात, हे नकाशावर दिसत नाही. ओहोटीला चिखल. भरतीला चिखल बुडाला की पाणी उतरेपर्यंत उभं राहायला उघडी, कोरडी, निवांत जागा: जुनी मिठागरं, उथळ तळी, एखादा बांध. तिथे त्या एका पायावर उभ्या राहून, चोच पाठीत खुपसून डुलक्या घेतात. तिवरांच्या दाटीत त्या बसत नाहीत. आमच्या भागातलं असं एक तळं राडारोडा टाकून अर्धं बुजवलं गेलं. उरलेल्या अर्ध्यात उधाणाच्या दिवशी मी एका थव्याला दीड तासात अकरा वेळा उडताना पाहिलं: कधी कुत्रं, कधी डंपर, एकदा लग्नाआधीचं छायाचित्रण. मार्चात याच पक्ष्यांना पुढच्या वाटेसाठी चरबी साठवायची असते. एकेका उड्डाणात ती ग्रॅमाग्रॅमाने जळते.

पोरं मोजायची असतील तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हाच काळ. मोठे पक्षी ऑगस्टपासून येतात, कोवळे त्यांच्या मागून, आईबापांशिवाय, वाट कुणी न दाखवता. नोव्हेंबर उलटला की खवल्यांच्या किनारी झिजतात आणि मग पक्षी हातात घेतल्याशिवाय वय कळत नाही. ते काम वळेकऱ्यांचं, म्हणजे पायात कडं घालणाऱ्या अभ्यासकांचं. भरतीचं वेळापत्रक बघून चार मीटरच्या वरची भरती निवडा आणि दोन तास आधी पोचा. पाणी चढतं तसे पक्षी काठाकडे सरकतात, एकेकाची पाठ वाचता येते. थव्याच्या एकाच टोकाचे मोजू नका, कोवळे बरेचदा कडेला चरतात. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना संख्येच्या खाली वय लिहायची जागा असते, ती बहुतेक जण रिकामी सोडतात. 'प्रौढ इतके, कोवळे इतके, कळलं नाही इतके' असं लिहायला दोन मिनिटं लागतात. एकही कोवळा दिसला नाही तरी लिहा. तो शून्यच कोल्ह्याची बातमी असतो.